डॉलरच्या नाण्यावरची पुसट रेषा: डाय क्लॅश की ओरखडा?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"मी मूळची कोल्हापूरची. वडिलांचा शिवराईंचा लहानसा संग्रह होता, त्यामुळे भिंगातून नाणी पाहण्याची सवय लहानपणापासूनची आहे. निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीला आले. रेल्वेच्या तिकीट यंत्रातून सुट्या पैशांत डॉलरची सोनेरी नाणी हाती आली आणि जुना नाद पुन्हा लागला. आता बँकेतून नाण्यांचे रोल आणते, तपासते आणि उरलेली नाणी परत भरते. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मालिकेतल्या २००७ च्या जेफर्सन डॉलरच्या एकाच रोलमधील तीन नाण्यांवर मागच्या बाजूला, स्वातंत्र्यदेवतेच्या डोक्याशेजारी, सारखीच एक पुसट वळणदार रेषा दिसते. २००० सालच्या, साकागाविया या मूळनिवासी स्त्रीची प्रतिमा असलेल्या एका डॉलरवर चेहऱ्यावरून गेलेली एक सरळ रेषा आहे. एका नाण्यावरची अक्षरे दुहेरी वाटतात आणि अध्यक्षांच्याच मालिकेतल्या अॅडम्सच्या एका नाण्याच्या कडेवरची अक्षरे उलटी आहेत. इंटरनेटवर एक विक्रेता अशाच नाण्याला 'अतिदुर्मीळ डाय क्लॅश' म्हणून काहीशे डॉलर मागतो आहे. मुलगा म्हणतो, आई, डॉलरची किंमत डॉलरच. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ही नाणी प्रमाणित करून घेण्यासाठी पाठवू का? आणि संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक विकत घेऊ का?"

सप्रेम नमस्कार.

जेफर्सनच्या तीन नाण्यांबद्दल आधी लिहितो, कारण तुमच्या पत्रातला खरा ऐवज तोच आहे. छायाचित्रांवरून माझे मत असे की त्या तिन्हींवर अस्सल डाय क्लॅश, म्हणजे नाणे पाडणाऱ्या ठशांच्या टकरीची खूण, आहे आणि साकागावियाच्या चेहऱ्यावरून गेलेली रेषा हा चलनातला ओरखडा आहे. हे निष्कर्ष मी कसे काढले ते सविस्तर सांगतो, म्हणजे पुढचा रोल उघडताना तुम्हाला माझ्याच काय, कोणाच्याही मतावर विसंबून राहावे लागणार नाही.

टांकसाळीत नाणे पाडताना कोरी चकती दोन पोलादी डायच्या, म्हणजे नक्षी कोरलेल्या ठशांच्या, मध्ये येते, दोन्ही डाय तिच्यावर प्रचंड दाबाने आदळतात आणि नाणे बाहेर पडते. ही क्रिया आधुनिक यंत्रात मिनिटाला शेकडो वेळा घडते. कधी चकती वेळेवर पोचत नाही, आणि मग दोन डाय एकमेकांवरच आपटतात. इथे डायची रचना डोळ्यांपुढे आणणे महत्त्वाचे आहे. नाण्यावर जे उंच असते, म्हणजे चेहरा, अक्षरे, चांदण्या, ते डायमध्ये खोल कोरलेले असते. आणि नाण्यावरची सपाट मोकळी जागा हा डायचा सर्वांत पुढे आलेला भाग असतो. त्यामुळे टक्कर होते ती मुख्यतः या सपाट भागांची. समोरच्या डायमध्ये जिथे खोल चेहरा किंवा पुतळा असेल तिथे दाब पडत नाही, त्याच्या बाहेर मात्र पडतो, आणि परिणामी त्या चेहऱ्याची बाह्यरेषा या डायच्या सपाट भागावर उमटून राहते. त्यानंतर त्या डायमधून निघणारे प्रत्येक नाणे ती रेषा अंगावर घेऊनच जन्माला येते.

एवढे लक्षात घेतले की तुमची दोन्ही छायाचित्रे आपोआप बोलू लागतात. साकागावियावरची रेषा डावीकडच्या मोकळ्या जागेतून निघते, गालावर चढते आणि न तुटता पलीकडे उतरते. गाल हा नाण्यावरचा उंच भाग, म्हणजे डायमधला खोलगट भाग. दुसऱ्या डायचा सपाट पृष्ठभाग तिथे पोचतच नाही. क्लॅशची रेषा चेहऱ्याच्या काठाशी थांबायला हवी होती. शिवाय तुमच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना धातू किंचित उचललेला दिसतो. नाणे पाडून झाल्यावर कठीण वस्तू त्याच्यावरून घासत गेली की मधे चर पडतो आणि धातू कडेला ढकलला जातो; डायमधून आलेल्या खुणेत असा चर नसतो, तिथे एक बारीक, मऊ पायरी असते आणि नाण्याची मूळ झळाळी तिच्यावरून अखंड वाहते.

जेफर्सनच्या नाण्यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन नाण्यांच्या दोन बाजू एकमेकींच्या उलट्या असतात, म्हणजे नाणे वरच्या कडेवरून खाली पलटले की मागची बाजू सरळ दिसते. म्हणून दर्शनी बाजूचा जो भाग खाली असतो, तो क्लॅशमध्ये मागच्या बाजूला वर उमटतो. डावे मात्र डावीकडेच राहते आणि उजवे उजवीकडे. मी तुमच्या नाण्याच्या दर्शनी बाजूचे छायाचित्र संगणकावर उभे पलटले, म्हणजे वरचे खाली आणि खालचे वर केले, ते अर्धपारदर्शक करून मागच्या बाजूच्या छायाचित्रावर ठेवले आणि दोन्हींच्या कडा जुळवल्या. देवतेच्या डोक्याशेजारची तुमची वळणदार रेषा जेफर्सनच्या खांद्याच्या बाह्यरेषेवर नेमकी बसली. दर्शनी बाजूला खांदा खाली आहे, म्हणूनच त्याची सावली मागच्या बाजूला इतकी वर आली. शिवाय ती रेषा पुतळ्याच्या काठाशी येऊन थांबते, पुतळ्यावर चढत नाही. हा प्रयोग तुम्ही घरच्या कोणत्याही चित्रसंपादन अॅपमध्ये करू शकता, आणि माझी आग्रहाची विनंती आहे की 'हा क्लॅशच आहे' असे मनात ठरवण्याआधी दरवेळी तो कराच. समोरच्या बाजूच्या कोणत्या भागाने ही खूण केली हे बोट ठेवून दाखवता आले नाही, तर त्या नाण्याला क्लॅश म्हणू नये.

तिन्ही नाण्यांवर रेषा एकाच जागी असणे हा तिसरा आणि फार मोठा पुरावा. ओरखडे एकाच जागी, एकाच वळणाने तीनदा पडत नाहीत. तुमच्या वडिलांच्या शिवराईंवर वाढलेल्या नजरेला इथे एक सवय बदलावी लागेल. शिवराई हाताने पाडलेली. अनेकदा चकती ठशापेक्षा लहान, म्हणून कुठे 'श्री राजा' पूर्ण येते तर 'शिव' कापले जाते, आणि एकाच ठशातून निघालेली दोन नाणीसुद्धा शेजारी ठेवली तर निराळी दिसतात. तिथे प्रत्येक नाण्याचे वेगळेपण पाहण्यात आनंद असतो. यांत्रिक डॉलरमध्ये एकाच नाण्यापुरते असलेले वेगळेपण बहुधा नंतर झालेली इजा असते. शोधायची असते ती डायवर घडलेली घटना, आणि तिचा साक्षीदार शक्यतो एकटा नसतो.

याच कारणाने, ती तीन नाणी वेगवेगळी ठेवा आणि त्या वर्षाचे आणखी रोल मिळाले तर तीच रेषा शोधत राहा. टक्कर झाल्यानंतर लगेच निघालेल्या नाण्यांवर रेषा ठळक असते. पुढे हजारो चकत्यांच्या दाबाखाली ती झिजत जाते. यंत्रावरच्या माणसाच्या लक्षात आले तर तो डाय काढून घासला जातो, आणि मग नाण्यावर क्लॅश पुसट होऊन त्याच्या जागी एकमेकींना समांतर अशा बारीक उठावदार रेषा दिसू लागतात. कधी या घासण्यात मूळ नक्षीचा नाजूक भागही नाहीसा होतो. त्यानंतर डायला तडा गेला तर नाण्यावर वेड्यावाकड्या उठावदार शिरा येतात. तुमच्या तिसऱ्या नाण्यावर, देवतेच्या हाताजवळ, मला अशी समांतर घासणी दिसल्यासारखी वाटते. तसे असेल तर तुमच्याकडे एकाच डायच्या आयुष्यातले दोन टप्पे आहेत, आणि मला विचाराल तर प्रमाणित करून डबीत बंद केलेल्या कोणत्याही महागड्या, एकुलत्या नाण्यापेक्षा असा क्रम लावण्यात कितीतरी अधिक ज्ञान आणि समाधान आहे.

उठावदार आणि खोलगट हा भेद इतका महत्त्वाचा आहे की त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण देतो. २००० सालच्या फिलाडेल्फिया टांकसाळीच्या साकागाविया डॉलरमध्ये 'जखमी गरुड' नावाचा एक प्रकार संग्राहकांना माहीत आहे. मागच्या बाजूच्या डायला खोल ओरखडे पडले होते, म्हणून त्या नाण्यांवर गरुडाच्या पोटावरून आरपार गेलेल्या रेषा उंच उठलेल्या आहेत. या नावाने विकायला ठेवलेल्या नाण्यांमध्ये पोटावर साधा ओरखडा असलेली नाणीही असतात. छायाचित्रात प्रकाशाच्या दिशेमुळे खोल रेषा उंच भासू शकते, तेव्हा नाणे हातात फिरवून पाहिल्याशिवाय किंवा दोन दिशांच्या प्रकाशातली छायाचित्रे मागवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याच वर्षीचा 'चीरिओज' डॉलर त्याहून प्रसिद्ध: या न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांतून प्रसिद्धीसाठी वाटलेल्या काही हजार नाण्यांपैकी काहींवर गरुडाच्या शेपटीच्या पिसांचे कोरीव काम नेहमीपेक्षा स्पष्ट आहे, कारण ती सुरुवातीच्या निराळ्या नक्षीच्या डायमधून पाडली गेली. हा डॉलर रोलमध्ये मिळण्याची आशा धरू नका, पण २००० ची नाणी पाहताना शेपटीवरून नजर फिरवायला काही लागत नाही.

दुहेरी अक्षरांबद्दल थोडक्यात. तुमच्या छायाचित्रात अक्षराच्या एका बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढेच बारीक झाले आहे. नाणे पाडल्यावर डाय किंचित सरकल्याने असे होते. त्याला संग्राहक यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात आणि त्याला जास्तीची किंमत नसते. डाय तयार होतानाच नक्षी दोनदा उमटली असेल तर अक्षर जाड होते, दुसरी प्रतिमाही गोलाईदार असते आणि अक्षरांच्या टोकांशी स्पष्ट खाच दिसते. गेल्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकन टांकसाळ डायवर नक्षी एकाच दाबात उमटवते, त्यामुळे साकागाविया किंवा अध्यक्षांच्या डॉलरवर खरे दुहेरीपण सापडले तरी ते बहुधा लहान आणि नाण्याच्या मध्याजवळ असते. काठाजवळच्या अक्षरांत ठसठशीत दुहेरीपण असल्याचा दावा कोणी केला तर प्रथम शंकाच घ्यावी.

अॅडम्सच्या कडेवरची उलटी अक्षरे ही चूक नाही. अध्यक्षांच्या डॉलरवर वर्ष, टांकसाळीची खूण आणि बोधवाक्ये कडेवर कोरलेली असतात, आणि ती नाणे पाडून झाल्यावर वेगळ्या यंत्रात उमटवली जातात. त्या यंत्रात नाणे कोणत्या बाजूने वर पडेल याला काही नियम नसतो, म्हणून साधारण निम्म्या नाण्यांवर अक्षरे सरळ आणि निम्म्यांवर उलटी येतात. कडेवर काहीच नसेल तर मात्र थांबून पाहावे. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉशिंग्टन डॉलर चलनात आला तेव्हा हजारो नाणी त्या दुसऱ्या यंत्रात गेलीच नाहीत आणि कोऱ्या कडेने लोकांच्या हाती पडली. 'ईश्वरावर आमचा विश्वास आहे' हे बोधवाक्य तेव्हा कडेवरच असल्यामुळे सरकारने देवाचे नाव काढून टाकले अशी अफवाही उठली. २००९ पासून ते वाक्य दर्शनी बाजूवर आले. कोऱ्या कडेचे नाणे मिळालेच तर ते तोलून आणि मोजून पाहा: वजन ८.१ ग्रॅम आणि व्यास २६.५ मिलिमीटर भरायला हवा, कारण कड घासून अक्षरे उडवलेली नाणीही बाजारात येतात.

नाणी कुठून आणायची हे तुम्ही विचारले नसले तरी त्याबद्दल सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यावर वेळ बराच वाया जातो. २००० या एकाच वर्षी साकागावियाची सव्वाशे कोटींहून अधिक नाणी पाडली गेली, पण लोकांनी कागदी डॉलर सोडला नाही. २००२ ते २००८ ची साकागाविया नाणी चलनासाठी नव्हे तर संग्राहकांसाठी निघाली. २०११ च्या डिसेंबरात सरकारने अध्यक्षांच्या डॉलरचे चलनासाठीचे उत्पादन थांबवले, तेव्हा तिजोऱ्यांमध्ये शंभर कोटींहून अधिक डॉलर नाणी पडून होती. म्हणून बँकेच्या पंचवीस नाण्यांच्या रोलमध्ये तुम्हाला मुख्यतः २०००, २००१ आणि २००७ ते २०११ ही वर्षे भेटतील. २०१८ पासून निघणारी राज्यांच्या नवकल्पनांची मालिका हवी असेल तर ती टांकसाळीकडून दर्शनी मूल्यापेक्षा जास्त पैसे देऊनच घ्यावी लागते. तिथे केवळ क्लॅश शोधण्यासाठी खर्च करणे मला योग्य वाटत नाही. तपासलेली नाणी ज्या शाखेतून आणली तिथेच परत भरू नका. तीच नाणी फिरून तुमच्याच हातात येतील, आणि रोखपालाला सतत नाणी मोजायला लावणे हेही बरे नाही.

आता साधनांबद्दल. सूक्ष्मदर्शक घेऊ नका, निदान आत्ता नको. फार मोठ्या वर्धनात प्रत्येक डॉलर खड्ड्याखुड्ड्यांनी भरलेला दिसतो आणि दाबाखाली धातू सरकल्याने उमटणाऱ्या सामान्य प्रवाहरेषाही शोध वाटू लागतात. तुमच्याकडे असलेले पाचपट किंवा दहापट भिंग पुरेसे आहे. खरी सुधारणा प्रकाशात करा: खोलीतला वरचा दिवा बंद करून टेबलावरचा एकच दिवा नाण्याच्या जवळजवळ समपातळीवर आणा आणि नाणे कडेला धरून सावकाश पूर्ण फेरा फिरवा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीच्या गिलाव्यावरचा प्रत्येक उंचसखलपणा उठून दिसतो, तसे इथेही होते. समोरून पडणाऱ्या प्रकाशात क्लॅशची पायरी हमखास निसटते. नाण्याच्या तोंडाला बोट लावू नका आणि ते पुसू तर मुळीच नका. या डॉलरचा बाहेरचा थर मँगनीजयुक्त पितळेचा असतो. त्यावर बोटांचे ठसे काही काळाने तपकिरी होऊन कायमचे राहतात. असे तपकिरी किंवा काळपट पडलेले नाणे चुकीच्या धातूचे म्हणून विकणारेही भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

आता पैशाचा प्रश्न. विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. नाणे प्रत्यक्षात किती रुपयांना किंवा डॉलरला विकले गेले तेवढेच पाहावे. आधुनिक डॉलरवरचे पुसट क्लॅश आवडीने ठेवणारे लोक आहेत, पण अशा नाण्यांना फारसा भाव येत नाही. प्रमाणित करणाऱ्या संस्था नाण्यामागे शुल्क घेतात, प्रकार ओळखून चिठ्ठीवर नोंदवण्याचे बहुधा वेगळे, शिवाय जाण्यायेण्याचा टपाल विमा. तुमच्या जेफर्सनवर हा खर्च करू नका. क्लॅश इतका ठळक असेल की भिंगाशिवाय हाताच्या अंतरावरून चेहऱ्याची रेषा ओळखू येते, तरच विचार करावा, आणि तोही आधी एखाद्या त्रुटी-नाणी जाणणाऱ्या संग्राहकाला किंवा अमेरिकेतल्या 'कोनेका' या त्रुटी-संग्राहकांच्या संघटनेला दाखवून. तुमच्या चिरंजीवांना सांगायला हरकत नाही की आई डॉलरला डॉलरच देते आणि डॉलरलाच परत करते. तोटा झालाच तर बँकेपर्यंत जाण्याच्या श्रमाचा. मोठा शोध अशक्य नसतो, हेही तितकेच खरे: २००० साली आर्कान्सा राज्यातल्या माउंटन होम गावात साकागावियाच्या रोलमधून असे नाणे निघाले की ज्याच्या एका बाजूला पाव डॉलरवरचा वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला डॉलरचा गरुड होता. दोन्ही नाण्यांच्या व्यासात सुमारे दोन मिलिमीटरचाच फरक असल्यामुळे चुकीचा डाय यंत्रात बसला होता. परंतु असे काही मिळेल म्हणून रोल उघडू नयेत.

तुमची ओढ क्लॅशपेक्षा प्रकारांकडे असेल, तर मी तुम्हाला जुन्या आयझेनहॉवर डॉलरकडे वळायला सांगेन. १९७१ ते १९७८ मध्ये निघालेली ही ३८.१ मिलिमीटरची मोठी नाणी आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मागच्या बाजूला अपोलो ११ च्या चिन्हावरून घेतलेला, चंद्रावर उतरणारा गरुड आहे. गरुडाच्या वरच्या बाजूला छोटी पृथ्वी आहे, आणि १९७२ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर या पृथ्वीचे तीन प्रकार आढळतात. त्यांपैकी दुसरा, ज्यात पृथ्वी गोल आहे पण फ्लोरिडाखालची बेटे नीट दिसत नाहीत, तो दुर्मीळ आणि खरोखर मागणी असलेला आहे. स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी यांची प्रतिमा असलेल्या डॉलरमध्येही १९७९ च्या फिलाडेल्फियाच्या काही नाण्यांचा काठ रुंद असून सालाचे आकडे काठाला जवळजवळ टेकलेले असतात. हे दोन्ही प्रकार साध्या भिंगाने, कोणाला न विचारता ओळखता येतात, आणि छोट्या दुकानांत साध्या डॉलरच्या ढिगात आजही सापडू शकतात. ज्या विक्रेत्याला ते ठाऊक नसते त्याच्याकडून ते मिळवणे हा या छंदातला प्रामाणिक नफा आहे.

तिन्ही जेफर्सन स्वतंत्र, पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत ठेवा. प्रत्येकावर वर्ष, टांकसाळीची खूण, बाजू आणि घड्याळाच्या तबकडीप्रमाणे रेषेची जागा लिहा, उदाहरणार्थ 'मागची बाजू, दोन वाजण्याच्या ठिकाणी, रेषा ठळक' किंवा 'पुसट, शेजारी समांतर घासणी'. आणि तिसऱ्या नाण्याचे, दिवा आधी डावीकडे आणि मग उजवीकडे ठेवून घेतलेले, असे आणखी दोन फोटो मला पाठवा. घासणीच्या त्या रेषा उठावदार आहेत की नाहीत हे तेवढ्यावरून ठरवता येईल.